हिरव्या रंगाखाली

शालिग्राम गेल्याचं कार्ड हिवरखेडहून आलं, ते मी दोनदा वाचलं. खरं सांगतो, दुःखाच्या आधी मनात आलं, मला कशाला कळवलं असेल... संशय हा माझा जुना आजार.

अमरावतीच्या रेडिओ कारखान्यात आम्ही दोघं एका बाकावर तारांच्या सांध्यांचं सोल्डरिंग करायचो. ज्यानं सांधा जोडला त्यानं त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा, असा नियम. माझा लाल, त्याचा हिरवा. जेवायला मात्र दोघांत एकच डबा. मग ट्रान्झिस्टर आले, मोठ्या रेडिओंची मागणी बसली आणि निम्मी माणसं कमी होणार असं ठरलं. तपासणीत नापास झालेले रेडिओ उघडायचे, कच्च्या सांध्यांवर ज्याचा रंग जास्त, त्याचं नाव यादीत. त्या दिवसापासून जो तो शेजाऱ्याच्या हाताकडे पाहू लागला. एकदा जेवणाच्या सुट्टीतून मी लवकर परतलो, तर शालिग्राम ब्रश घेऊन नापास रेडिओंवर वाकलेला. माझं डोकंच फिरलं. आपल्या चुकांवर हा माझा लाल लावतोय! त्याला काही न विचारता मी सरळ जाऊन मॅनेजरला सांगितलं.

यादीत त्याचं नाव आलं, माझं नाही. तो गप्प राहिला. चोराच्या मनात चांदणं, असं मी धरून चाललो. फाटकाशी तो एवढंच म्हणाला, "मले वावर आहे, भगवान. तुले काय आहे?" माझ्यासारख्या राजापेठेतल्या शिंप्याच्या पोराला हा शेतीचा तोरा दाखवतो, असं वाटून मी मान फिरवली. सात वर्षं ती फिरवलेलीच राहिली.

तेरवीला गेलो तो लोकलाजेस्तव. घरात आमच्याच कारखान्यातला रेडिओ होता, कारखाना सोडताना नापासातला एक त्यानं मागून नेलेला. वहिनी म्हणाल्या, "बंद पडला तवा म्या म्हटलं, कोनाले दाखवा. तं ते म्हने, भगवान येईन तवाच उघडू."

यात काय डाव, असं तेव्हाही मनात आलंच. झाकण काढलं. एका सांध्यावरचा हिरवा पोपडा नखानं निघाला. खाली लाल होता. माझ्या कच्च्या सांध्यांवर तो आपला रंग चढवत होता आणि मी...

"काय बिघडलं?" वहिनींनी विचारलं.

"सांधा कच्चा आहे," मी म्हणालो. "माह्या हातचा."

रेडिओ दुरुस्तीला घेऊन आलो. काम पाच मिनिटांचं आहे. पण सोल्डर चिकटायला आधी उरलेला हिरवा खरवडावा लागेल. महिना झाला, हात धजत नाही.