पावसात उघडायचे डबे

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या चढावर रिबेलोंचं कौलारू घर होतं, आणि त्या घराच्या मागल्या पडवीत दोन वर्षं एक शाळा भरत होती. विद्यार्थी दोन, बाई एक. शाळेची घंटा म्हणजे पितळेचा पेला आणि त्यावर वाजवायचा चमचा. बाई म्हणजे विद्यार्थ्यांची आईच, एस्तेल.

लग्नाआधी एस्तेलनं कॉन्व्हेंटमध्ये बालवर्गाला शिकवलं होतं. मुलं झाल्यावर नोकरी सुटली, पण शिकवायची हौस काही सुटली नाही. थोरल्या आल्बनला दमा. पावसाळा लागला की त्याची छाती भरायची, निम्मी शाळा बुडायची, आणि बुडालेला अभ्यास भरून काढताना पोर रडकुंडीला यायचं. तेव्हा एस्तेलनंच नवऱ्याला म्हटलं, "मी घरी शिकवते. पाचवीला परीक्षा देऊन शाळेत जाईल." इनास हो म्हणाला. तो बंदरावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचा. बिघडलेली वस्तू घरी आणून खोलावी हे त्याला पटण्यासारखंच होतं. धाकटी रिटा मात्र धडधाकट. पण भाऊ घरी आणि आपण शाळेत, हा अन्याय तिला सहन होईना, म्हणून तीही घरीच राहिली.

गल्लीत बोलणारे बोलत होतेच. मासे घेऊन येणारी येसूबाई पाटी उतरवता उतरवता म्हणायची, "काय गो एस्तेल, पोरांना आजपण शाळा नाय?"

"शाळाच चाललीये येसूबाई. ऐकू येत नाही का?"

"मला तर भांडी ऐकू आली," म्हणून येसूबाई हसायची आणि दोन बांगडे जास्तीचे टाकायची.

पहिलं वर्ष चाचपडण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी टोरांटोच्या मावसबहिणीनं एक जाडजूड पुस्तक पाठवलं. घरी शिकवणाऱ्या कॅथलिक आयांसाठी वर्षाची आखणी, दिवसागणिक, प्रार्थनेपासून पाढ्यांपर्यंत. एस्तेल हरखून गेली. त्या पुस्तकात लिहिलं होतं तसंच तिनं सगळं केलं, आणि तिथंच फसली.

पुस्तकाप्रमाणे वर्ष सप्टेंबरात सुरू होणार आणि जून ते ऑगस्ट सुट्टी. म्हणजे कोकणात धो धो पाऊस, मुलं घरात कोंडलेली, आणि शाळेला सुट्टी! तीन महिने दोघांनी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या. ऑक्टोबरात धडा आला, झाडांची पानं लाल होऊन गळतात ती गोळा करा. दारची झाडं हिरवीगार. आल्बननं सगळा माळ पालथा घालून फणसाचं एक पिवळं पान आणलं. डिसेंबरात कापसाचा हिममाणूस केला, तो मांजरानं नेला. पण खरी फजिती एप्रिलात झाली. पुस्तकात त्या महिन्यात सगळ्यांत अवघड धडे होते, भागाकार आणि निबंध. आणि इथे घरामागची कलमं आंब्यांनी लगडलेली. सासू, जिला सगळं घर माय म्हणायचं, पेंढा पसरून अढी घालत होती. दारात टेंपो, वखारीत घमघमाट. एस्तेल पडवीत चमचा वाजवते आहे आणि मुलं झाडावर.

त्याच आठवड्यात इनासनं आल्बनला सहज आंब्यांचा एक भागाकार घातला. आल्बननं बराच वेळ वर आढ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पप्पा, कोय पण धरायची काय?"

इनास हसला नाही. रात्री जेवताना तो म्हणाला, "बायचा फोन आला होता बंदरावर. मे महिन्यात येते म्हणाली. जाताना दोघांना घेऊन जाईन म्हणते."

बाय म्हणजे इनासची थोरली बहीण, सिस्टर बेनेदिक्ता. घाटावरच्या एका वसतिगृहाच्या शाळेत मुख्याध्यापिका. घरात मात्र मोठ्यांची बायच, आणि मुलांची आत्या.

"आणि तू काय म्हणालास?" एस्तेलनं विचारलं.

"काय म्हणणार? तिकडची हवा कोरडी. आल्बनच्या छातीला बरी. बाय स्वतः लक्ष घालील." त्यानं ताट बाजूला सारलं. "तुझं वर्ष बसत नाहीये एस्तेल. इंजिन चालतंय, पण बोट पुढे जात नाही. पुढच्या वर्षाची नीट आखणी दाखव. बायला पटली तर राहतील पोरं. नाही तर तिच्याबरोबर जातील."

रिटा झोपेत अजून एस्तेलच्या पदराचं टोक मुठीत धरायची. घाटावरच्या त्या लांबलचक खोलीत ती काय धरून झोपणार, एवढाच विचार तिच्या मनात आला.

तिनं टोरांटोचं पुस्तक फळीवर ठेवून दिलं आणि कागद घेऊन बसली. तास पाडले, विषय पाडले, पुन्हा खोडले. काहीच जमेना. आणि बसायला तरी वेळ कुठे होता? मे तोंडावर आलेला. घरात पुरुमेंताची धांदल. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. पाऊस लागला की बंदर बंद, वाटा बंद, म्हणून किरिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती, घरात चार महिन्यांचं सगळं आधी भरून ठेवतात. सोलं वाळत घातलेली, सुकट निवडून डब्यात, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधलेले. दमट हवा शिरू नये म्हणून सुकटीच्या डब्याच्या कडेला मेणबत्तीचं वितळलेलं मेण ओतायचं, ही त्या घरची रीत.

एस्तेल त्या दिवशी मेणच ओतत होती. देवघरातल्या मेणबत्त्यांची थोटकं वाटीत वितळवलेली. शेजारी रिटा बसून विचारत होती, "मम्मा, हा कधी उघडायचा?"

"सांजांवच्या सणाला. चोवीस जूनला."

"आणि तो?"

"तो पेद्रूच्या सणाला."

"आत्ता बघू या ना थोडं!"

"आत्ता उघडला तर पावसात काय खाशील?"

आणि मेणाची वाटी एस्तेलच्या हातात तशीच राहिली. आपण गेलं वर्षभर उलटं करत होतो! हे घर ऊन असताना भरून घेतं आणि पाऊस पडला की खातं. शिकणंही तसंच असायला हवं. मार्च ते मे मुलांना माळावर, बंदरावर, झाडांवर हिंडू दे, हवं ते गोळा करू दे. पाऊस पडला, दारं लागली, की बसायचं आणि एकेक उघडायचं. वर्ष सुरू होणार ते जूनमध्ये. आणि सणांची माळ तर चर्चच्या कॅलेंडरात आयती ओवलेली होती.

तिनं घरातले सगळे बिस्किटांचे रिकामे डबे खाली काढले. मायनं विचारलं, "एवढी सुकट कुठे आहे गो?"

"सुकट नाही माय, शाळा भरायचीय."

"भर बाई. उंदीर तरी लागायचे नाहीत."

पुढचे दिवस मुलांनी घर डोक्यावर घेतलं. प्रत्येक डबा एका सणाचा. संत पेद्रू कोळी होता, म्हणून त्याच्या डब्यात जाळ्याचे तुकडे, शिशाच्या गोळ्या, शिंपले. त्याच्या जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे आले असं शुभवर्तमानात आहे, म्हणून तेवढे चिंचोके, भागाकारासाठी. थोमास समुद्रावरून आपल्या देशात आला, त्याच्या डब्यात किनाऱ्याचा नकाशा, मिरी आणि दालचिनी. पंधरा ऑगस्टला मरियेचा सण आणि स्वातंत्र्यदिन एकत्र, त्यात झेंडा आणि भाताचं बी. पाखरांशी बोलणाऱ्या असिसीच्या फ्रान्सिसला पिसं. मृतांच्या दिवसाला घरातल्या गेलेल्या माणसांची नावं, मायला विचारून आल्बननं स्वतःच्या अक्षरात लिहिलेली. रिटाचा पहिला कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घ्यायचा विधी, पुढच्या वर्षी, त्याची तयारी ख्रिस्तजयंतीनंतरच्या डब्यांत. प्रत्येक डब्यात शेवटी एस्तेल एकटी एक वस्तू टाकायची, मुलांना पाठ फिरवायला लावून. मग मेण ओतायचं.

आणि बाय आली. पांढराशुभ्र झगा, काळी छत्री, दोन मुलांसाठी दोन नव्या पत्र्याच्या ट्रंका. ट्रंका ओसरीवर ठेवून तिनं पहिल्याच संध्याकाळी मुलांना समोर बसवलं. आल्बननं मराठी खणखणीत वाचलं, इंग्रजी अडखळत. रिटानं प्रार्थना न चुकता म्हटल्या. भागाकारात मात्र आल्बन पुन्हा आडवा झाला.

"वाचन बरं आहे," बाय म्हणाली. "गणित कच्चं. आता आखणी दाखव एस्तेल."

एस्तेलनं तिला माळ्याखाली नेलं. फळीवर डब्यांची रांग होती, प्रत्येकावर सणाचं नाव.

बायनं चष्मा वर केला. "ही आखणी? की वाण्याचं दुकान?"

"बाय, तुम्ही विचारा ना मुलांना."

"रिटा, मे महिन्यात अभ्यास का नाही गो तुम्हाला?"

"मे महिन्यात आम्ही भरतो," रिटा म्हणाली. "पावसात उघडतो."

"काय भरलंय? तो पेद्रूचा डबा इकडे दे बघू."

रिटानं दोन्ही हात पाठीमागे बांधले. आल्बन पुढे होऊन फळीसमोर उभा राहिला. "नाही आत्या. तो पेद्रूच्या सणालाच उघडायचा."

"अरे, मी मुख्याध्यापिका आहे!"

"तरी पण नाही. मम्मानं त्यात काय टाकलंय ते आम्हालापण माहीत नाही. आम्ही थांबलोय, तर तूपण थांब."

इनास दारात उभा होता. त्याला वाटलं, आता बाय भडकणार. पण बायनं चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग हळूच म्हणाली, "किती दिवस आहेत रे सणाला?"

"अजून खूप आहेत!" रिटा कळवळून म्हणाली. "मी रोज मोजते."

रात्री ओसरीवर बाय इनासला म्हणाली, "माझ्या शाळेत एवढ्या वर्षांत पुढच्या धड्यासाठी दिवस मोजणारं एक पोर मला भेटलं नाही. सुट्टीसाठी मोजतात सगळी." मग तिचा आवाज कडक झाला. "पण वाट बघणं म्हणजे शिकणं नव्हे. वसतिगृहातल्या दोन खाटा मी पेद्रूच्या सणापर्यंत राखून ठेवते. त्या दिवशी येते. डब्यातून काय निघतं ते बघेन, आणि तो भागाकारही बघेन. ट्रंका इथेच राहू देत."

त्या ट्रंका महिनाभर ओसरीवर होत्या. येता-जाता एस्तेलच्या पायाला लागायच्या.

जून लागला, पाऊस लागला. सांजांवचा डबा उघडला, पाण्याचे धडे झाले. आल्बनची छाती दोनदा भरली. पण आता शाळा बुडत नव्हती. वाफ घेऊन झाली की तो टॉवेलखालूनच पाढे म्हणायचा. आणि बायनं बजावलं होतं म्हणून गणित रोज, सणबीण काही न बघता. ते मात्र एस्तेलनं मुकाट्यानं मान्य केलं होतं, कारण ते खरं होतं.

पेद्रूचा सण शनिवारी आला. बाय सकाळच्या एस्टीनं उतरली, झग्याची कड चिखलानं भरलेली. "शाळा सुरू झाली का?" तिनं दारातूनच विचारलं.

"उशीर झालाय आत्या, बस लवकर," रिटा म्हणाली. बाय चटईवर बसली.

आल्बननं सुरीनं मेण कापलं. जाळं निघालं, शिंपले निघाले. चिंचोके ओतले तसा तो म्हणाला, "एकशे त्रेपन्न मासे. होडीत सात माणसं." ओठ हलले, बोटं हलली. "प्रत्येकाला एकवीस. सहा उरतात."

"उरलेल्यांचं काय करायचं?" बायनं विचारलं.

"माळावरच्या मांजरांना. नाहीतर येसूबाईला."

इनास मोठ्यानं हसला. बाय हसली नाही, कारण तिचं लक्ष डब्याच्या तळाकडे गेलं होतं. तिथे एस्तेलनं टाकलेली वस्तू होती, फडक्यात गुंडाळलेली. एक लाकडी सुई, जाळं विणायची, हातांनी गुळगुळीत झालेली. बायच्या नि इनासच्या वडिलांची. एस्तेलनं ती मायच्या पेटीतून मागून घेतली होती.

"ही पप्पांची," बाय म्हणाली. तिनं सुई उचलली, आणि तिची बोटं आपोआप चालायला लागली. "इथून आत, अशी वरून वळवायची, आणि गाठ आवळायची. पप्पांनी मला शिकवलं होतं, तुझ्याएवढी होते मी. बघ रिटा, तू करून बघ."

मग पडवीत दुपारपर्यंत जाळंच विणलं गेलं. आल्बननं गाठींच्या रांगा मोजून गुणाकार केला, रिटानं बोट टोचून घेतलं, आणि माय दारात बसून सगळ्यांच्या चुका काढत राहिली. जेवणाची वेळ टळून गेली तरी चमचा वाजला नाही.

शेवटी बाय उठली, गुडघे धरत. "इनास, पाऊस थांबला की एसटीडीवर जा. म्हणावं, त्या दोन खाटा दुसऱ्या कुणाला द्या. आणि एस्तेल, त्या ट्रंका कोरड्या, चांगल्या आहेत. पुढल्या पुरुमेंताला डबे कमी पडतील तुला."

एस्तेलनं पेला उचलला आणि चमच्यानं असा काही वाजवला की खालच्या वाटेवरून येसूबाईनं ओरडून विचारलं, "काय गो, आज काय लग्न हाय?"

"पुढचा डबा कधीचा?" बाय चपला शोधता शोधता विचारत होती.

"थोमासचा. बुधवारी."

"बुधवारी माझी शाळा असते. शनिवारपर्यंत थांबवता यायचा नाही का?"

"नाही आत्या," रिटा अगदी समजुतीनं म्हणाली. "सण थांबत नसतो. तुझी शाळा बुडव."