मनोरमाबाईंची घंटा

भाईंदर पश्चिमेला, लिफ्ट नसलेल्या एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर मनोरमाबाई पेडणेकर राहतात. वय एकोणसत्तर. तेहतीस वर्षं मुंबईत प्राथमिक शाळेत शिकवलं. नवरा दत्ताराम एका रंगाच्या कंपनीच्या गोदामात होते. लालबागची खोली विकून दोघं इकडे आली, त्याला आता तीस वर्षं होतील. लोक जसं आपल्या पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन सांगतात, त्याच सुरात मनोरमाबाई हल्ली सांगतात, "सात वर्षं मी एका पंथात होते." समोरचा गप्प झाला की त्याला खुर्ची देतात, कारण गोष्ट उभ्याउभ्या संपणारी नसते.

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष त्यांना फार जड गेलं होतं. शाळेत चाळीस मुलं एका नजरेत चिडीचूप व्हायची आणि घरी दत्ताराम सांगूनही टीव्हीचा आवाज कमी करत नसत. मुलगी रसिका सकाळी आठला ऑफिसला जायची ती रात्री उगवायची. अशात शेजारच्या विंगमधल्या एका बाईंनी त्यांना मीरा रोडला सत्संगाला नेलं. फर्निचरच्या दुकानावर मोठा हॉल, पांढऱ्याशुभ्र गाद्या, गारेगार एसी, शेवटी गरम खिचडी. परिवाराचं नाव शून्यधारा. सगळ्यात पुढे उंच खुर्चीवर बसायचे ते तातजी. पूर्वी ते पाणी शुद्ध करायची यंत्रं दारोदार विकत असत, हे मनोरमाबाईंना फार उशिरा कळलं. तेव्हा त्यांना एवढंच दिसलं, की हा माणूस आपलं बोलणं मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकून घेतो. घरात असं कुणी ऐकून बरेच दिवस झाले होते.

तातजींची शिकवण सोपी होती. सगळ्या दुःखाचं मूळ म्हणजे 'मी'. तो जिभेवरून गेला की हळूहळू मनातूनही जातो. म्हणून साधकाने मी, मला, माझं हे शब्द उच्चारायचेच नाहीत. 'मला चहा हवाय' असं न म्हणता 'या देहाला चहा हवाय' म्हणायचं. एकमेकांना भेटलं की 'जय शून्य' करायचं. मनोरमाबाईंना हे व्याकरणासारखं वाटलं, आणि व्याकरण त्यांच्या हातचा मळ होता. दोन महिन्यांत त्यांच्या तोंडून 'मी' साफ गेला.

त्या शिक्षिका होत्या हे कळल्यावर तातजींनी त्यांच्या हातात पितळेची एक लहान घंटा दिली. सत्संगात कुणाच्या तोंडून 'मी' निघाला की ती वाजवायची. ज्याच्या नावाने वाजेल त्याने उभं राहून कान धरायचे आणि तीन वेळा 'शून्य' म्हणायचं. मनोरमाबाईंचा कान शाळेत तयार झालेला. चौथ्या रांगेतली बाई शेजारणीच्या कानात "माझी साडी" असं कुजबुजली तरी घंटा वाजायची. पंधरा दिवसांत लोक तातजींपेक्षा त्यांना जास्त वचकून राहू लागले. आज त्या कबूल करतात की परिवारात त्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर ते हेच.

मग एक पेच पडला. परिवाराचं ठिकाण मीरा रोडला, आणि मीरा रोड म्हणताना तोंडातून आधी निघतं ते 'मी'. दोघा-तिघा कडक साधकांनी हा प्रश्न तातजींपुढे मांडला. तातजींनी डोळे मिटले, बराच वेळ घेतला आणि गावाच्या नावाला दोष लागत नाही असा निवाडा दिला. कडक मंडळींचं त्याने समाधान झालं नाही. ती 'शून्य रोड' म्हणू लागली. मनोरमाबाई त्यांच्यातल्याच. भाईंदरच्या रिक्षावाल्याला त्यांनी शून्य रोड सांगितलं, तेव्हा त्याने पलीकडच्या रिक्षावाल्याला विचारलं, "ये नया बना क्या?" मिठालाही त्या 'खारं' म्हणू लागल्या. वाण्याने पहिल्या दिवशी त्यांना खारे शेंगदाणे दिले.

एकदा पोटात दुखायला लागलं. औषधं शक्यतो घेऊ नयेत असं परिवारात सांगायचे, पण दत्तारामांनी त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर उत्तरेकडचे, मराठी बेताचं. मनोरमाबाई म्हणाल्या, "या देहाच्या उजव्या कुशीत दुखतंय." डॉक्टर दचकून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "बॉडी किधर है?"

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला त्या बँकेत गेल्या, तिथेही तेच. काउंटरवरच्या बाईने नेहमीप्रमाणे विचारलं, पेन्शनर तुम्हीच ना. मनोरमाबाईंनी उत्तर दिलं की हा देह हयात आहे. बाईने चष्म्यावरून पाहिलं आणि अतिशय सौम्यपणे सांगितलं, की देहाचं ठीक आहे, पण सही करायला कुणीतरी आत असावं लागतं. 'मी हयात आहे' असं छापलेल्या कागदावर केलेल्या त्या सहीवरून मनोरमाबाईंना रात्रभर झोप आली नाही. तातजींनी मात्र लगेच तोडगा काढला, की ओठांवर 'मी' नको, कागदावर चालेल. काही साधक तेव्हा आपल्या जागा परिवाराला बक्षीस देत होते. त्या कागदांवर ओळीओळीत 'मी' असावा लागतो हे मनोरमाबाईंच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

दत्ताराम कधीच साधक झाले नाहीत. गुरुवारी खिचडीला यायचे, मागच्या भिंतीला टेकून बसायचे. पण घंटा घरीही आली होती. जेवताना "मला भात" म्हटलं की वाजायची. आधी ते हिंदीत बोलू लागले, मग मालवणीत 'माका' म्हणू लागले. मनोरमाबाईंनी दोन दिवस विचार करून 'माका' हाही 'मला'च आहे असा निर्णय दिला. त्यानंतर दत्ताराम घरात फारसे बोलेनासे झाले. भाताच्या पातेल्याकडे नुसतं बोट दाखवायचे. "घरात केवढी शांतता आली," असं मनोरमाबाईंनी सत्संगात उठून सांगितलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

इथवरची गोष्ट त्या हसत सांगतात. पुढे रसिकाचं नाव येतं, तिथे त्यांचं हसू आजही थांबतं.

रसिकाला तिच्या ऑफिसातला चंदन आवडला होता. तातजींनी तिच्यासाठी परिवारातलाच एक मुलगा ठरवला होता. रसिकाने आईला नीट बसवून सांगितलं, की ती लग्न करणार ते चंदनशीच, आणि घंटा वाजवायची असेल तर खुशाल वाजव. तिने एका वाक्यात तीन वेळा 'मी' म्हटलं होतं. घंटा वाजली, तीन वेळा. रसिकाने बॅग भरली.

परिवार सोडून जाणाऱ्याला, किंवा तातजींचं न ऐकणाऱ्याला 'ओसाड' म्हणत. ओसाडाशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही. लग्नाला दत्ताराम एकटेच गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा शर्ट धुवायला घेतला तेव्हा खिशात अक्षता निघाल्या. मनोरमाबाईंनी त्या खिडकीतल्या कुंडीत टाकल्या आणि काहीच विचारलं नाही. रसिका राहायला भाईंदर पूर्वेला, म्हणजे रुळांपलीकडे. चालत वीस मिनिटं. तरी तीन वर्षं मायलेकींची भेट नाही. एकदा भाजी बाजारात दोघी अचानक समोरासमोर आल्या. रसिकाच्या कडेवर लहान मुलगी होती. मनोरमाबाईंनी खाली बघून वांगी निवडायला घेतली. वांगी घ्यायचीही नव्हती. मान वर केली तेव्हा समोर कुणी नव्हतं, आणि त्या किलोभर वांगी घेऊन घरी आल्या.

मग आला महाशून्य दिन. काशीगावच्या बाजूला, हायवेलगत एका लग्नाच्या लॉनवर मोठा मांडव घातला होता. पाचशेच्या आसपास माणसं. मार्चचं ऊन. आदल्या रात्री लॉनवर भरपूर पाणी मारलेलं, त्यामुळे माती भुसभुशीत झालेली. या वर्षी तातजींना भक्तांच्या मधोमध बसायचं होतं, म्हणून त्यांची ती उंच, चांदीच्या मुलाम्याची खुर्ची स्टेजवरून खाली गवतावर आणली होती. तातजींनी माइक हातात घेतला, अहंकार कसा विरघळतो ते सांगायला सुरुवात केली, आणि खुर्चीचा मागचा एक पाय हळूहळू मातीत जाऊ लागला. आधी तातजी थोडे तिरके झाले. मग आणखी तिरके झाले. मग खुर्चीसकट आडवे झाले.

चार सेवकांनी धावत जाऊन त्यांना उचललं. पांढऱ्या धोतरावर चिखलाचा मोठा डाग. माइक हातातच होता आणि चालू होता.

"मी कोण आहे कळतं का तुम्हाला?" तातजी ओरडले.

घंटा वाजली.

मनोरमाबाई शपथेवर सांगतात, की त्यांनी ती मुद्दाम वाजवली नाही. सात वर्षांची सवय, हात आपोआप हलला. मांडवात एवढी शांतता पसरली, की हायवेवरचे ट्रक ऐकू येऊ लागले. मनोरमाबाईंना खरंच वाटलं, की आता तातजी हसतील, कान धरतील आणि किती मोठी शिकवण देतील. त्यांच्या अंगावर काटासुद्धा आला होता.

तातजींनी त्यांच्याकडे बोट दाखवलं. "माझ्या मांडवात ही बाई मला नको."

घंटा दोनदा वाजली. एकदा 'माझ्या'साठी, एकदा 'मला'साठी.

दोन सेविकांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं आणि घंटा काढून घेतली. पाठीमागून दत्ताराम आले, हातात बायकोच्या चपला घेऊन. गेटबाहेर त्यांनी त्या खाली ठेवल्या, तिच्यासमोर नीट जोडून. मनोरमाबाईंनी त्या पायात घातल्या. मग म्हणाल्या, "अहो, मला भूक लागलीये."

त्यांचं त्यांनाच ऐकून नवल वाटलं. पलीकडच्या टपरीवरून दत्तारामांनी चार वडापाव आणले, तिला तीन दिले.

सुटल्यासारखं मात्र लगेच वाटलं नाही. ओसाडाच्या घरावर एकवीस दिवसांत संकट येतं, असं त्यांनी स्वतःच कितीजणांना सांगितलं होतं. आता त्या स्वतः दिवस मोजत बसल्या. शेजारच्या विंगमधल्या त्या बाई आवारात भेटल्या की भिंतीकडे तोंड करायच्या. अकराव्या दिवशी गीझर फुटला आणि न्हाणीघरात पाणी झालं. मनोरमाबाई पांढऱ्या पडल्या. दत्तारामांनी फडकं पिळता पिळता सांगितलं, की गीझर सतरा वर्षांचा होता, तातजींना एवढी शक्ती असती तर त्यांनी आधी खुर्ची सरळ ठेवली असती. मनोरमाबाईंना हसू फुटलं. मग ते आवरेना. ओल्या फरशीवर बसून दोघं म्हातारी माणसं पोट धरून हसत राहिली. दत्ताराम त्या दिवशी जेवताना तासभर बोलत होते. तीन-चार वर्षांचं साठलेलं.

बाविसाव्या दिवशी सकाळी मनोरमाबाई सबवेतून पूर्वेला गेल्या. रसिकाचा पत्ता दत्तारामांकडून लिहून घेतला होता. त्यांच्या कपाटात तो पहिल्यापासून होता. दार रसिकानेच उघडलं.

"मी चुकले," मनोरमाबाई म्हणाल्या. येताना वाटेत बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं एवढंच आठवलं.

रसिका दारातच उभी राहिली. तिने लगेच आत बोलावलं नाही, आणि मनोरमाबाई म्हणतात ते योग्यच होतं. मग तिने विचारलं, चहात साखर अजून दीड चमचाच का. आत गेल्यावर दोन वर्षांची इशिता पडद्यामागून पाहत होती. ही बाई कोण, असं तिने आईला विचारलं. मनोरमाबाईंनीच सांगितलं, की ही आजी आहे, फार उशिरा आली आहे.

चहा झाल्यावर त्यांनी खुर्चीची गोष्ट सांगितली. तातजी तिरके होतात तिथवर आल्यावर रसिका हसत हसत खाली बसली, आणि बसल्यावर रडायला लागली. त्या दिवशी मनोरमाबाई संध्याकाळपर्यंत तिथेच राहिल्या.

पुढे वर्षभराने दोन कुटुंबांनी आपल्या जमिनीच्या बक्षीसपत्रांवरून तक्रार केली, वर्तमानपत्रांत आलं आणि फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलला कुलूप लागलं. मनोरमाबाईंनी त्या दोन्ही कुटुंबांसाठी जबाब दिला. आपणही त्या लोकांना घंटा वाजवून कान धरायला लावले होते, हे त्यांनी जबाबात स्वतःहून लिहवून घेतलं. लिहून घेणाऱ्या हवालदाराने दोनदा विचारलं, मॅडम, हे नक्की लिहायचंय ना.

गेल्या महिन्यात मनोरमाबाई आणि दत्ताराम उत्तनच्या बसने चौक गावाला गेले होते, मासे आणायला. चंपा नावाची कोळीण बोंबील साफ करत होती. तिने कुठून आलात, काय करता, असं विचारलं आणि विषयावरून विषय निघत गोष्ट निघाली. चंपाचे हात थांबले. शेवट ऐकून ती म्हणाली, "येवढ्या मानसांत घंटा वाजवलीव, तुमाला भ्याव न्हाय वाटला?"

मनोरमाबाईंनी खरं ते सांगितलं, की तेव्हा वाटलं नाही, नंतर बावीस दिवस वाटलं, आता वाटत नाही. चंपाने मान हलवली आणि चार बोंबील वर घातले. परतीची बस लागलेली होती. दत्तारामांनी पिशवी घेतली, मनोरमाबाईंनी खिडकीची जागा धरली. बस सुटल्यावर खारा वारा आत आला आणि दत्ताराम त्यांना आज बोंबील कुरकुरीत तळायचे की आंबटतिखट करायचे, यावर सविस्तर सांगू लागले. उत्तन नाका येईस्तोवर ते बोलत होते आणि त्या ऐकत होत्या.