जप्ती थांबल्याचं पत्र द्यायला गेलो आणि डोकं फुटलं

मंडळी, डोक्याला सहा टाके घालून आत्ताच घरी आलोय.

मी रत्नागिरीत सरकारी कचेरीत शिपाई आहे. आमच्या वाडीतल्या प्रकाशदादांची मुंबईतली नोकरी गेल्यापासून त्यांचे घरकर्जाचे हप्ते थकलेत. त्यांच्या दारावर जप्तीची नोटीस मीच चिकटवली होती. आज मात्र सरकारने जप्ती सहा महिने थांबवल्याचं पत्र घेऊन गेलो.

कुंपणाचं बेडं, म्हणजे फाटक, उघडून आत शिरताच दादांनी चिऱ्याचा तुकडा कपाळावर हाणला. मी पडलो तरी लाथा घालत होते. वहिनींनी रक्ताने माखलेलं पत्र उचलून मोठ्याने वाचलं, तेव्हा ते थांबले.

"आधी बोलायचंस ना रे," म्हणत मटकन खाली बसले.

संध्याकाळी हवालदार माझा जबाब घ्यायला येतोय. खरं सांगितलं तर दादा आत जातील, मग घर कोण सोडवणार? तुम्ही काय सांगितलं असतंत?