मुठीवरची अक्षरं

वॉटफर्डला आमच्या शेजारी पुरुषोत्तम राहतो. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झाल्यावर तो घरात निवांत बसेल, असं त्याच्या बायकोला, नीनाला, वाटलं होतं. पण ह्याच्या पायाला भिंगरी. त्यात छंद जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरांचा, तीही काडतुसांच्या आधीची: खणात दारू-गोळी ठासायची आणि मागे तांब्याची टोपी बसवायची. असली पुराणी वस्तू शोभेसाठी ठेवायला इथे लायसन्स लागत नाही. बायकोची परवानगी लागते, ती त्याने कधी विचारली नाही.

२००६ च्या उन्हाळ्यात त्याला एक मिळालं. मुठीच्या पट्टीवर पुसट अक्षरं होती, आपल्याकडच्या घोडदळाच्या एका पलटणीची वाटत. खरी असतील, तर हे रिव्हॉल्व्हर आपल्या मुलखात फिरून आलेलं. पण कुणी दुकानदाराने गिऱ्हाईक भुलवायला मागाहून कोरली असतील तर? निकाल एकाच गोष्टीवर लागणार होता. दीडशे वर्षांत लोखंडावर चढलेला तपकिरी थर अक्षरांच्या खाचांतही तसाच आहे का, हे ऑक्टोबरमध्ये जुन्या हत्यारांच्या फेअरमध्ये एक जाणकार पाहून सांगणार होता.

तोवर ह्याच्या जिवाला चैन नाही. खिडकीशी नेऊन भिंग लावी, दिव्याखाली लावी, जेवता जेवता उठे. मला बोलावून विचारी, आणि मी खरी वाटतात म्हटलं की तुला काय कळतंय म्हणून माझ्यावरच उखडे. मला त्या भिंगाचा तिटकारा आला होता.

तेव्हा पुण्याहून त्याची थोरली बहीण, यमुनाताई, आल्या होत्या. आई लवकर गेली, त्याला वाढवलं त्यांनीच. भाऊ दिवसभर डोळे फोडतोय, हे त्यांना बघवेना. खंडेनवमीला घरातली हत्यारं-अवजारं घासून पूजेला मांडायची. सकाळी पुरुषोत्तम आणि नीना फुलं आणायला बाहेर पडले आणि ताईंनी सुऱ्या, पाने-पक्कड, हातोडी काढली. रिव्हॉल्व्हरही काढलं. चिंच-मीठ लावून, तारेच्या घासणीने, एकेक खाच कोरून कोरून घासलं.

मी पोचलो तेव्हा ते पाटावर नव्या भांड्यासारखं चकाकत होतं. पुरुषोत्तम झेंडूची पिशवी हातात घेऊन नुसता उभा होता. थर गेला होता, खाचांतलाही. आता कुणालाच काही सांगता येणार नव्हतं. मला ताईंचा असा राग आला की मी बोलणारच होतो, पण नीनाने माझा दंड धरला.

"किती दिवस डोळे फोडतोयस, पुरू," ताई म्हणाल्या. "खाचांत नुसता मळ साचला होता. आता वाच बघू."

तो पाटासमोर बसला.

"वाचता येतंय, ताई," तो म्हणाला. "अगदी स्वच्छ."

मग त्याने खिशातून भिंग काढलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि रिव्हॉल्व्हरशेजारी पूजेला ठेवलं.