तिरका एक्स-रे

दातांच्या दवाखान्यातली माणसं डॉक्टरीणबाईंना, म्हणजे तिला, पाठीमागे 'तवा' म्हणायची, आणि हे तिला ठाऊक होतं. तापलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? गंमत अशी, की तिची कामाची रीत मात्र अगदी थंड. दाताच्या मुळातली नळी साफ झाली की गटापर्चाच्या, म्हणजे रबरासारख्या चिकाच्या, गुलाबी काड्या ती एकीला एक लावून बसवायची. प्रत्येक काडी टोकदार सळईने बाजूला दाबायची, फट पडली की त्यात पुढची. बाहेर बाकावरची माणसं चुळबुळ करायची. करू देत, म्हणायची.

शेजारच्या खुर्चीवर पेशंट बघायचा धाकटा दीर, तोही दातांचाच डॉक्टर. त्याचं काम झटपट. नळीत पातळ सिमेंट सोडायचं, एकच जाडशी काडी खुपसायची, वरून कापायची, की पुढचा पेशंट. गटापर्चा गरम करून भरायचं यंत्रही त्याने एकदा हौसेने आणलं होतं, मन लावून शिकलाही होता. पुढे गर्दी वाढली आणि यंत्र कपाटावर टॉवेल पांघरून बसलं. "भाऊजींचा इस्त्रीचा धंदा बसला वाटतं," असं म्हणून तिने तेव्हा हसून घेतलं होतं.

त्या सोमवारी ती जरा उशिरा आली, तर सासूबाई दिराच्या खुर्चीवरून उतरून पदर सारखा करत होत्या. सुळ्यामागच्या लहान दाढेचं काम उरकलं होतं. त्यांच्या कवळीचा आकडा या एकाच दाढेला अडकायचा. ती गेली तर कवळी तोंडात पोहणार. आणि सासूबाईंना जेवण एक वेळ नसलं तरी चालायचं, बोलणं नसून चालायचं नाही.

पडद्यावरचा एक्स-रे तिने पाहिला. मधोमध पांढरी सरळ रेघ.

"तिरका काढलात?"

"कशाला? टोकापर्यंत भरलंय की."

"समोरून भरलेलं दिसतंय. ही नळी चपटी असते भाऊजी, फितीसारखी. गोल नळीला तुमची एक काडी पुरते, मी कधी नाही म्हटलंय? पण फितीत काडी उभी केली तर बाजूचं कोण भरणार?"

"सिमेंट."

"पोचलं तर."

"अगं, झालं ना आता," सासूबाई म्हणाल्या. "तुला दुसऱ्याचं काम कधी पटलंय? त्याने दुखू दिलं नाही हो जरासुद्धा."

"भूल दिल्यावर कुणाच्याच हातून दुखत नाही, आई."

"बघ, बघ कशी बोलते."

तिच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. दुसरा कुणी पेशंट असता तर तिचं म्हणणं ऐकून तरी घेतलं असतं. इथे मात्र ती आधी सून, मग वहिनी, आणि उरलं तर डॉक्टर. तिने सासूबाईंचा दंड धरून त्यांना पुन्हा बसवलं, एक्स-रेचं नळकांडं तिरकं केलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर पांढरी रेघ होती, आणि तिला चिकटून काळी पट्टी. पार खालपर्यंत रिकामी.

दिराने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आईंची दाढ आहे ही," ती म्हणाली. आवाज चढला नाही, तरी बाहेरच्या बाकावरची चुळबुळ थांबली. "इथे एवढी घाई, तर बाहेरच्यांचं काय करत असाल?"

"काढतो. तुम्ही भरा."

तेच तर तिला हवं होतं. तिने सळई हातात घेतली, पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं आणि थांबली. नळी कोरताना मुळाची भिंत कागदासारखी पातळ झाली होती. या भिंतीवर सळईचा दाब दिला तर मूळ उभं चिरेल, आणि चिरलेलं मूळ कुणाच्या बापाला जोडता येत नाही. म्हणजे तिची रीतही इथे कामाची नव्हती. आता तिला नक्की कुणावर चिडावं तेच कळेना, आणि त्याने ती आणखी चिडली.

"ती तुमची इस्त्री काढा खाली."

"काय?"

"यंत्र. कपाटावरचं. मऊ करून भरलं की भिंतीवर फारसा जोर येत नाही. तुम्हीच करा, तुमचा हात बसलाय त्यावर. थोडं थोडं भरायचं, टोकाबाहेर कणही जाता कामा नये. आणि घड्याळाकडे पाहिलंत तर घड्याळ भिंतीवरून उतरवेन."

दिराने जुनं भरण काढलं, नळी परत धुतली. मग यंत्राचं गरम टोक आत जाऊन मऊ गटापर्चा चेपू लागलं. ती त्याच्या खांद्यामागे उभी होती. "सावकाश," एवढंच म्हणत. एक्स-रे तिने स्वतः काढले, आधी सरळ, मग तिरका. दोन्हीत काठोकाठ पांढरं. खोट काढायला तिने बराच वेळ शोधलं.

"ठीक आहे," ती शेवटी म्हणाली, जणू कुणी तिच्याकडून वदवून घेतलं होतं.

सासूबाईंचा अर्धा ओठ अजून बधिर होता. त्यातूनच त्या मुलाला म्हणाल्या, "हिला बोलावून घ्यायचंस ना आधीच."

"आई, तोंड मिटा," ती म्हणाली. "आणि त्या बाजूने आज चावू नका."