नावाशिवाय पुढे जाता येत नाही

"आपण कोण आहोत, हे तुला माहीत आहे का?" सकाळी सहा वाजता दादाने मला फोनवर विचारलं.

"मी तुझी बहीण," मी म्हटलं. "आणि तू लोकांची झोपमोड करणारा माणूस."

त्याला हे उत्तर नको होतं. त्याला वंशावळ हवी होती. सरकारी खात्यातल्या मोठ्या खुर्चीवरून निवृत्त झाल्यावर दादाने आधी प्रताप नगरातल्या त्याच्या सोसायटीचं पार्किंग सुधारायला घेतलं, मग माझ्या नवऱ्याचं ब्लडप्रेशर. दोन्हीही सुधारेनात, तेव्हा तो मेलेल्या माणसांकडे वळला. त्यांच्याकडून तक्रार येण्याची भीती नव्हती.

खरं खूळ शिरलं ते बागेत. सकाळी फिरायला येणाऱ्या त्याच्या मित्रमंडळात प्रत्येकाचा कोणी ना कोणी पूर्वज नागपूरच्या राजाच्या फौजेत होता, आणि सगळेच्या सगळे घोड्यावर होते. त्या घोड्यांना चारा घालणाऱ्यांचे वंशज बहुधा दुसऱ्या बागेत फिरायला जात असावेत. दादाकडे सांगायला घोडा नव्हता, आणि ते त्याच्या जिवाला फार लागलं होतं. त्यातच आमच्या आडनावाच्या लोकांनी हिवाळ्यात एका लॉनवर कुलसंमेलन ठरवलं. प्रत्येक घराने आपली वंशावळ फ्लेक्सवर छापून आणायची होती. दादाने ती जबाबदारी स्वतःकडे घेतली, कारण तो घरातला थोरला. थोरलेपण ही त्याची आयुष्यातली सर्वांत जुनी पोस्ट. त्या पोस्टवरून तो कधीच निवृत्त होणार नव्हता.

वंशावळीला सुरुवात कशी करायची, याचे त्याने मोबाइलवर पुष्कळ व्हिडिओ पाहिले. सगळे एकच सांगत होते : घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशी आधी बोला. मी त्याच्या घरी गेले होते, तेव्हा दादाने मला विचारलं, "आपल्यात आता सर्वांत वयस्कर कोण उरलंय गं?"

दादाकडेच राहणारी आई बाजूच्या खोलीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं.

"आईला काय माहीत असणार?" तो म्हणाला. "ती तर लग्न होऊन आली आपल्याकडे."

लग्न होऊन येऊन सत्तरेक वर्षं झालेली ती पाहुणी आतून म्हणाली, "चहा मांडू का?"

मग त्याने एक ॲप घेतलं. त्यात एकेका माणसाचा गोल काढायचा, गोलात नाव लिहायचं, की खालचं बटन हिरवं होतं आणि पुढचा गोल उघडतो. नाव लिहिलं नाही तर लाल अक्षरांत येतं : 'नावाशिवाय पुढे जाता येत नाही.' दादाने पहिल्या गोलात स्वतःला बसवलं. वर आई-बाबा आले, बाजूला मी. माझ्या गोलाखाली मात्र काहीच नव्हतं. माझी दोन मुलं, नातू, सगळी गायब. विचारलं तर म्हणाला, "फ्लेक्सवर जागा कमी आहे. मुलींच्या शाखा तिकडच्या घरच्या वंशावळीत येतातच." मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि नावं तर मी इथे कोणाचीच लिहिणार नाही. दादाने फ्लेक्सवर भरपूर लिहून ठेवली आहेत.

कच्चा नमुना छापून आला, तेव्हा आईने तो कागद डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला.

"हे तू," ती दादाला म्हणाली. "हे तुही बहीन. आन तुह्याआधीचे दोघं कुठं हायेत?"

दादाच्या आधी आईला दोन मुलं झाली होती आणि ती गेली होती. एवढं आम्हाला माहीत होतं. एवढंच माहीत होतं, कारण घरात त्याबद्दल कोणी बोलायचं नाही, आणि आम्ही कधी विचारलं नाही.

"आई, ती इतकी लहान होती," दादा समजावणीच्या सुरात म्हणाला. ऑफिसात अर्ज परत करताना तो हाच सूर लावत असणार. "त्यांची नावंसुद्धा ठेवली नसतील. आणि या सिस्टीममध्ये नावाशिवाय पुढे जाताच येत नाही. हे बघ, बटन हिरवंच होत नाही."

आईने ते बटन पाहिलं. मग कागद नीट घडी करून त्याच्या हातात दिला.

"मले माय त त्याईनंच केलं," ती म्हणाली. "ते नसतीन त माहं नाव काढून टाक."

ती रागावून बोलली असती तर दादाने तिची समजूत काढली असती. पण ती शांतपणे आपल्या शेंगा सोलायला बसली. दादा म्हणाला, होईल ठीक, म्हातारं माणूस आहे, विसरेल. मला ठाऊक होतं की ती विसरणार नाही. ज्यांचं नावही कोणी काढत नव्हतं त्यांना जी इतकी वर्षं विसरली नाही, ती फ्लेक्स छापेपर्यंत काय विसरणार होती?

दादाचं सगळं लक्ष अजून घोड्याकडे होतं. पणजोबांच्या गोलाशी येऊन ॲप अडलं होतं, कारण त्यांचं नाव आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. म्हणून एका रविवारी आम्ही आमच्या मूळ गावी, कुहीकडे निघालो. तिकडे आमचे एक चुलतकाका अजून धानाची शेती पाहतात. दादाने जाकीट घातलं होतं. पूर्वजांच्या गावी जाताना बरं दिसावं म्हणून.

काका अंगणात खाटेवर बसले होते. दादाला पाहताच त्यांनी त्याला लहानपणच्या नावाने हाक मारली. ते नाव सभ्य माणसांत घेण्यासारखं नाही. उकिरड्यावरून उचललेलं नाव आहे ते, अगदी शब्दशः. शाळेत घातलं तेव्हा बाबांनी दादाला नवीन, चांगलं नाव लावलं, आणि तेव्हापासून जुनं नाव त्याने कोणाला घेऊ दिलं नव्हतं. आमचा ड्रायव्हर गाडीशी उभा राहून हसू दाबत होता.

"काका, आपले पूर्वज फौजेत होते ना?" दादाने घाईघाईने मुद्द्याला हात घातला. "घोडदळात?"

"घोडा?" काका म्हणाले. "बाप्पा! आपल्या घरी त औताले हेल्याईची जोडी होती गा. त्यातला बी एक लंगडा. तुहा पनजा जलमभर धानाच्या बांधीत चिखल तुडवत राहिला, कायची फौज आन कायचं काय!"

"बरं, नाव काय होतं त्यांचं?"

"आता हेबी मलेच इचारतं? तुहं लहानपनचं हाय ना, तेच."

परतीच्या वाटेवर दादाने जाकीट काढून मांडीवर ठेवलं. घर जवळ आल्यावर म्हणाला, "काकांच्या डोक्यावर वयाचा परिणाम झालाय." आणि घरी पोचताच त्याने पणजोबांच्या गोलात एक भारदस्त, शेवटी 'राव' असलेलं नाव टाकलं. फ्लेक्सच्या डिझायनरला फोन करून त्यांच्या बाजूला घोड्याचं चित्रही लावायला सांगितलं. एका रविवारच्या आत आमचा पणजा चिखलातून उठून घोड्यावर बसला. इतक्या झपाट्याने बढती दादाच्या खात्यातही कधी कोणाला मिळाली नसेल.

संध्याकाळी नवा नमुना मोबाइलवर आला, तेव्हा आईने मला तो वाचून दाखवायला सांगितला. मी वरून सुरुवात केली.

"थांब," ती म्हणाली. "हे नाव नोहे त्याईचं."

"आई, तुला काय माहीत?" दादा म्हणाला.

"मले माह्या सासूनं सांगितलं. तुम्ही कधी इचारलंच नाई." तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "त्याईच्या आधी चार लेकरं गेले होते. म्हून हे झालं तवा त्याले सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारनीनं उचललं, आन मायनं सूपभर धान देऊन तिच्याकडून इकत घेतलं. म्हंजे यमाले वाटे, हे त फेकलेलं लेकरू हाय, कोनाले पाह्यजे नाई, याले कायले नेता. नाव बी तसंच ठेवलं. आन ते जगले."



"तुलेबी तसंच घेतलं," आई म्हणाली. "सूपभर धान गेलं तुह्यात. चांगलं नवं धान होतं. आन ते नाकातलं भोक? लोकाईले का सांगतं तू, किरकेटचा चेंडू लागला? मी टोचलं ते. पोरगी समजून तरी सोडून दे म्हून."

दादाचा हात डाव्या नाकपुडीकडे गेला. चेंडू, बॉलर आणि मैदान यांच्यासह ती गोष्ट त्याने आम्हा सगळ्यांना इतक्यांदा सांगितली होती, की त्याचा स्वतःचाही तिच्यावर विश्वास बसला असावा. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. 

"आई," तो म्हणाला. त्याचा कचेरीतला सूर कुठल्या कुठे गेला होता. "काहून नाई सांगितलं मले?"

"तुले वाईट वाटलं असतं," आई म्हणाली. "आन मले रडू आलं असतं."

दादाने मोबाइल घेतला आणि तिच्याजवळ खाली फरशीवर बसला. गुडघे धरून बसायला त्याला वेळ लागला. त्याने आपल्या गोलाआधी एक नवा गोल काढला.

"पहिली पोरगी होती," आई म्हणाली. "बारसं व्हायच्या आधीच गेली. मी तिले बाई म्हनो."

दादाने 'बाई' लिहिलं. बटन हिरवं झालं.

"दुसरा पोरगा. त्याचं बारसं झालं होतं. पाळन्याले झेंडूचे हार लावले होते तुह्या बाबानं." आणि आईने त्याचं नाव सांगितलं.

ते दादाचं नाव होतं. शाळेत घालताना बाबांनी त्याला लावलेलं, नोकरीभर दारावरच्या पाटीवर मिरवलेलं, आणि कच्च्या नमुन्यात सर्वांत ठळक छापलेलं. बाबांनी पहिल्या मुलासाठी निवडलेलं नाव तसंच जपून ठेवलं होतं, आणि हा जगणार अशी खात्री झाल्यावर त्याला दिलं होतं.

दादाने ते लिहिलं. या वेळी बटन हिरवं झालं नाही. पडद्यावर एक प्रश्न आला, आणि दादाने मोबाइल माझ्याकडे वळवला.

"का इचारून राहिलं ते?" आईने मला विचारलं.

मी वाचून दाखवलं, "या नावाची व्यक्ती आपल्या कुटुंबात आधीच आहे. तुम्ही आणि ही व्यक्ती एकच आहात का?" खाली 'होय' आणि 'नाही' होतं.

दादाचं बोट दोन्हींच्या मध्ये अडलं होतं.

"नाई म्हन," आई म्हणाली. "तो तुहा दादा होय."

पासष्टी ओलांडेपर्यंत ज्याला सगळं जग दादा म्हणत आलं, त्याने 'नाही' दाबलं.

संमेलनाला आमचा फ्लेक्स स्टेजच्या डाव्या बाजूला लागला होता. पणजोबांच्या गोलात त्यांचं खरं नाव होतं, आणि माझ्या गोलाखाली माझी मुलं आणि नातूही होते, कारण मी डिझायनरकडे स्वतः जाऊन बसले होते. घोडा तेवढा काढायचा राहून गेला. तो कोणाचाच नसल्यासारखा कोपऱ्यात उभा होता. दीपप्रज्वलनासाठी सूत्रसंचालकाने प्रत्येक घरातल्या ज्येष्ठ पुत्राला बोलावलं, आणि दादाचं नाव सगळ्या पदव्यांसह पुकारलं. दादा स्टेजवर गेला, त्याने माइक हातात घेतला, आणि आता घोड्यावर भाषण होणार म्हणून मी खुर्चीत सावरून बसले.

"एक दुरुस्ती आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "मी ज्येष्ठ नाही. मी तिसरा आहे."

कोणाला काही कळलं नाही. पहिल्या रांगेत आईने मला कोपराने ढोसलं.

"मोठ्यानं बोल म्हनाव त्याले," ती म्हणाली. "मांगच्याईले आयकू नाई गेलं."