डिंगोऱ्याच्या वळणावरचा सडा

पिंपळवंडीच्या अक्षदाला स्केटिंगचं वेड लावलं तिच्या मामानं, संपतनं. सत्त्याण्णव साली त्यानं पिंपरीहून चाकांचे बूट आणले आणि नऊ वर्षांची पोर स्टँडपर्यंतच्या डांबरीवर सुटली. गाव हसलं. "देवानं पाय दिलेत, त्याला चाकं कशाला गं?" हसू द्या. तेराव्या वर्षी तालुक्यात तिला गाठणारी पोरगी उरली नव्हती.

पंधराव्या वर्षी ती पडली. आपल्याकडे बाजरीची कणसं सर्रास रस्त्यावर पसरतात. येत्या-जात्या गाड्या फुकटात मळणी करून देतात. एका वळणापलीकडं अशीच कणसं होती. गळ्याखालचं हाड मोडलं. ते दीड महिन्यात जुळलं, भीती मात्र गेली नाही. वळण दिसलं की अंग ताठ व्हायचं, आणि मागच्या पोरी पुढं निघून जायच्या. दोन वर्षं निवड हुकली.

२००५ साली जिल्ह्याची निवड डिंगोऱ्यात होती. गावाभोवती दहा फेऱ्या. पहिली येईल तीच राज्याला. पुढच्या वर्षी अक्षदाचं वय त्या गटात बसणार नव्हतं.

नऊ फेऱ्या ती पुढं राहिली. पाठीला चिकटून आंबेगावच्या डोंगरातली रत्ना, मान खाली घालून.

बक्षीस द्यायला पाहुणे येणार म्हणून वळणावरच्या साळुबाईला राहवेना. पोरी पुढं गेल्याचं पाहून तिनं रस्ताभर शेणाचा सडा टाकला आणि रांगोळी आणायला घरात गेली. शर्यत संपली, असंच तिला वाटलेलं!

अक्षदाला लांबूनच रस्ता ओला दिसला. थांबावं तर रत्ना अंगावर येणार. "रत्ने, बाहेर हो! निसरडंय!" असं ओरडत तिनं स्वतःला कडेच्या मातीत घातलं आणि बुटांवरच धावली. रत्ना सरळ गेली. मागं चाकं घसरल्याचा आवाज आला, मग किंकाळी.

अक्षदानं वळून पाहिलं नाही. डांबर लागताच ती जीव घेऊन सुटली. रेषा ओलांडली, ताशा वाजला. "मोडली भीती पोरीची!" शिकवणारे भरत सर नाचायला लागले. कसली मोडली!

बूट काढून, मोज्यांवरच ती वळणाकडं परत गेली. साळुबाई रडत ओल्यावर माती टाकत होती. "पावण्यांसाठी केलं गं बाई!" रत्ना बांधाला टेकून, लोंबणारा हात दुसऱ्या हातानं धरून बसली होती.

"खरंच सांगत व्हतीस व्हय?"

"व्हय."

"मला वाटलं, फसवतीस." रत्नानं ओठ चावला. "मग थांबली का न्हाईस?"

"भ्याले. लई भ्याले."

माईकवरून अक्षदाचं नाव पुकारत होते. एकदा, दोनदा.

"आता तरी थांब," रत्ना म्हणाली, "दवाखान्यात न्यायला जीप येस्तवर."

अक्षदा तिच्याशेजारी मातीत बसली.